लोसरच्या अलीकडून

मनाली
१५ सप्टेंबर २०००

श्री. शिवदास यांस,

नमस्कार लिहावा की दंडवत, ते ठरेना, म्हणून दोन्ही सोडून देते. पाकिटावर तुमचं जुनंच नाव घातलं आहे. नवं नाव शांतानंद की काहीसं आहे असं कानावर आलं. शांतीही तुम्हीच घेतलीत आणि आनंदही तुम्हीच घेतलात. दुकान, घर, मुलगी आणि बहीण आमच्या वाट्याला ठेवलीत. वाटणी छान केलीत.

पत्ता कुणी दिला म्हणून दचकू नका. सर्वणचा सगुण, तुमच्या मामेभावाचा मुलगा, तिकडं रस्त्याच्या कामावर असतो. चतुर्थीला घरी आला तेव्हा म्हणाला, "काकी, शिवदासकाका लोसर गावाच्या वरच्या अंगाला एका बाबाच्या कुटीत राहतात. दाढी छातीपर्यंत आली आहे. पण शिंक तशीच. मी ती ऐकूनच वर मान केली." त्या शिंकेवरून मला खात्री पटली. घर सोडता येतं, बायको सोडता येते, शिंक सोडता येत नाही असं दिसतं.

तुम्ही कोल्हापूरला दुकानाचा माल आणायला गेलात त्याला नऊ वर्षं झाली. माल अजून यायचा आहे. हरिद्वारहून तुमचं कार्ड आलं होतं, 'माझा शोध करू नये' असं. आम्ही केला नाही. डिचोलीच्या बाजारात भुसारी दुकान चालवणाऱ्या बाईला शोध करायला वेळ कुठला. सकाळी फळी उघडायची ती रात्री लावायची. आता आले आहे ती शोध करायला नाही, काम आहे म्हणून.

विमलाचं लग्न ठरलं आहे. तुम्ही गेलात तेव्हा ती दोन वेण्या घालून शाळेत जात होती. आता बँकेत आहे. मुलगा पेडण्याचा, गुरुदास नाव, हायस्कूलात गणित शिकवतो. माणसं चांगली आहेत. मुलाची आई रुक्मिणीबाई बघायला आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "मुलीचे वडील कुठं असतात?" मी म्हटलं, उत्तरेकडं असतात. त्या म्हणाल्या, "नोकरीला?" मी काही बोलायच्या आत तुमच्या बहिणीनं सांगून टाकलं, "तपाला." त्यानंतर सगळ्यांनी बराच वेळ पोहे खाल्ले. जाताना रुक्मिणीबाई दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "कन्यादानाला तरी येतील ना ते?"

तेव्हा हे पत्र आणि त्याच्या मागोमाग आम्ही. लग्न मार्गशीर्षात आहे आणि तुमच्याकडची खिंड त्याआधीच बर्फानं बंद होते असं सगुण म्हणाला. म्हणून आत्ताच न्यायला येत आहोत. मला नवरा नको आहे, त्याची सवय मोडली. मुलीला एका दिवसासाठी बाप हवा आहे. दुसऱ्या दिवशी तुम्ही परत मोक्षाला लागा.

बरोबर देवकी आहे. ती यायलाच हवी होती असं नव्हतं. पण दादा सापडला म्हटल्यावर तिनं दोन दिवस जेवण सोडलं. नवरा गेल्यापासून ती आपल्याकडेच आहे हे तुम्हाला आठवत असेल. तुमचा फोटो तिनं देवघरात नेऊन ठेवला आहे आणि रोज त्याला फूल वाहते. मी पूजेला बसले की तो उपडा करून ठेवते, ती बसली की सुलटा करते. नऊ वर्षं आमचं हे चाललंय.

मनाली हे एक नंबरचं फालतू गाव आहे. नवी लग्न झालेली जोडपी भाड्यानं अस्वलासारखे कोट घेऊन अंगात घालतात आणि हिंडतात. आमच्या गाडीत, टाटा सुमो आहे, पुण्याचे एक निवृत्त प्रोफेसर आणि त्यांची बायको आहेत. प्रोफेसर म्हणतात, ते हिमालयात मौनासाठी येतात. दिल्लीच्या बसपासून आमच्याबरोबर आहेत, अजून त्यांना मौन सापडलेलं नाही.

देवकी आत्ता पलंगावरून म्हणाली, "वयनी, केस काळे करून घेतलेस तां बरां केलंस." तुमचा गैरसमज नको. दिल्लीच्या धुळीनं केस खराब झाले होते.

हे पत्र आज पुढं जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरकडे देते. आम्ही उद्या निघू.

सुमंगला


छत्रू
१७ सप्टेंबर

श्री. शिवदास यांस,

रोहतांगची खिंड ओलांडली. खिंडीत चिखल, घोडे, घोड्यांची लीद आणि लिदीत उभं राहून फोटो काढणारी माणसं. तिथून गाडी पलीकडे उतरली आणि झाडं संपली. अशी संपली की जणू कुणी कोयत्यानं तोडून नेली. त्यानंतर जे आहे त्याला तुम्ही लोक काय म्हणता मला माहीत नाही. आपल्याकडं पाळी गावात खाणीतली टाकाऊ माती ओतून ओतून जे डोंगर झालेत, तसेच हे दिसतात. फक्त तांबडे नाहीत, राखेच्या रंगाचे आहेत. दगड, दगडावर दगड, मधून एक नदी, तिचं पाणीही राखेचंच. पाखरू नाही. गवत असलंच तर ते दगडाला लाजून चिकटलेलं. देवानं काम सुरू केलं आणि अर्ध्यावर टाकून निघून गेला असं वाटतं. तुम्हाला इथं का करमलं ते आता कळलं.

थंडीबद्दल लिहिते. आपल्याकडं डिसेंबरात पहाटे जरा गारवा पडला की तुम्ही दोन गोधड्या ओढून घ्यायचा आणि खिडकीकडं बोट दाखवून मला म्हणायचा, "सुमंगला, जनेल लाव." त्या माणसानं या थंडीत नऊ हिवाळे काढले यावर माझा विश्वास बसत नाही. काल नदीवर तोंड धुतलं तर बोटं माझी आहेत की दुसऱ्या कुणाची ते कळेना. चहा कपात ओतला की पिण्याआधीच निवतो. मी दोन पोलकी, दोन स्वेटर आणि वर देवकीच्या नवऱ्याचा जुना कोट घातला आहे. डिचोलीच्या बाजारात अशी उभी राहिले तर गिऱ्हाईक उधारीसुद्धा मागणार नाही.

प्रोफेसर काल सकाळी म्हणाले, "इथं आलं की माणसाचा अहंकार गळून पडतो, नाही का?" मी म्हटलं, "हो, पण तुम्ही मनालीपासून पुढची सीट धरून बसला आहात. बाईंना मागं धक्के बसतात, त्यांचे गुडघे दुखतात." त्यांची बायको खिडकीतून बाहेर बघायला लागली. तिचे खांदे हलत होते. काल दुपारपासून ती पुढं बसते आहे.

ड्रायव्हर नवांग नावाचा आहे, लाहौलचाच. गाडी चांगली चालवतो, पण वळणावर हात जोडतो, तेही स्टिअरिंग सोडून. मी त्याला म्हटलं, देवाला मनातून नमस्कार पोचतो. तो हसला आणि पुढच्या वळणावर पुन्हा जोडले.

काल संध्याकाळी उतरलो ते पत्र्याच्या छपराखाली. सकाळी बाहेर आले तेव्हा समोरच्या शिखरावर ऊन पडलं होतं, फक्त टोकावर. खाली सगळा अंधार. मी बघितलं. त्याबद्दल मी तुम्हाला काही लिहिणार नाही.

देवकीचं डोकं दुखतंय. रोहतांगपासून तिला काही जात नाही. नवांग म्हणतो, उंचीवर होतं असं, लसूण चावा. तिला म्हटलं, आणखी एक दिवस इथंच राहू. तर म्हणते, "दादाच्या दारात येवन मी थांबू? नाका, वयनी." तिच्या पिशवीत तुमच्यासाठी खोबऱ्याचं सारण भरून तळलेल्या नेवऱ्यांचा डबा आहे. तिनंच हट्टानं आणला. एवढ्या लांब नेवऱ्या कशाला म्हणून मी सांगत होते. खोबरं खवून खवून माझा उजवा हात अजून दुखतोय.

उद्या बातलला, परवा ती दुसरी, तुमच्याकडची खिंड ओलांडून लोसरला. दाढी विंचरून ठेवा. देवकीला वाईट वाटायला नको.

सुमंगला


बातल
१९ सप्टेंबर, सकाळ

श्री. शिवदास यांस,

ही चिठ्ठी पिठाच्या ट्रकबरोबर पाठवते आहे. हा ट्रक चाकांना साखळ्या बांधून आता खिंडीवर चढतोय, दुपारपर्यंत लोसरला पोचेल. ड्रायव्हरला तुमची कुटी माहीत आहे.

देवकी आजारी आहे. काल दुपारी इथं पोचलो आणि बर्फ सुरू झाला. तोपर्यंत ती गप्प होती, मी म्हटलं दमली असेल. आता आडवं झालं की तिचा श्वास अडकतो, म्हणून भिंतीला टेकवून बसवली आहे. खोकतेय. ओठांचा रंग मला आवडत नाही. इथं दगडाच्या दोन खोल्या आहेत, वर ताडपत्री, मधे शेगडी. दवाखाना नाही, फोन नाही, काही नाही.

तुम्ही खिंडीच्या त्या बाजूला आहात, आम्ही ह्या. ट्रक उद्या सकाळी माघारी येणार आहे. केबिनमध्ये तुमच्यासाठी जागा ठेवायला सांगितली आहे. तुम्ही या. लग्नाचं राहू दे, ते नंतर बोलू. ती सारखी दादा दादा करते आहे. तुम्हाला बघितलं तर तिच्या जिवाला बरं वाटेल. मी तुमच्याकडे आजवर काही मागितलेलं नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

या.

सुमंगला


मनाली
२४ सप्टेंबर

श्री. शिवदास यांस,

देवकी जिवंत आहे. हे पहिल्यांदा लिहिते, कारण तुम्ही विचारलेलं नाही.

आता काय झालं ते ऐका. ऐकायला तुमच्याकडे वेळ असेल.

ट्रक गेला आणि ऊन पडलं. प्रोफेसरांचं म्हणणं, ट्रकनं वाट पाडून ठेवली आहे, आपणही त्याच्या मागून निघू, दुपारनंतर पुन्हा बर्फ पडला तर खिंड बंद होईल आणि ठरवलेलं सगळं फुकट जाईल. नवांगलाही पुढंच जायचं होतं. लोसरच्या पुढं काझाहून परतीची सवारी त्यानं घेऊन ठेवली होती. दोघं मिळून माझी समजूत घालायला लागले. पलीकडे उतरलं की काझाला मोठं इस्पितळ आहे, शिवाय तुमचे यजमान वाटेतच आहेत. यजमान हा शब्द प्रोफेसरांनी वापरला.

मलाही क्षणभर तेच बरं वाटलं. खोटं कशाला लिहू. इतक्या लांब आले होते. समोर तो घाट दिसत होता, पांढरा, आणि त्याच्यामागं तुम्ही. मी देवकीची पिशवी उचलून गाडीपर्यंत नेलीसुद्धा.

मग देवकी खोकली आणि तिनं पदराला तोंड पुसलं. पदरावर फेस होता, गुलाबी. मी तिला विचारलं, "देवकी, आज वार कोणता?" ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "वयनी, दुकान लावलंस?"

मी नवांगला म्हटलं, गाडी खाली घे. आत्ताच्या आत्ता. जेवढं उतरता येईल तेवढं. डॉक्टरची विद्या मला नाही, पण ज्या वाटेवर माणूस चढता चढता बिघडत गेला, त्या वाटेवर आणखी चढायचं नाही एवढं समजायला ती लागत नाही. नवांग म्हणाला, "माताजी, ऊपर बस दो घंटा है." प्रोफेसर म्हणाले, "अहो, आम्ही चार वर्षं या प्रवासाची वाट बघितली आहे. एका माणसासाठी सगळ्यांनी मागं फिरायचं, हे जरा भावनिक होतंय." त्यांनी आणखी एक वाक्य सांगितलं, पर्वत आपल्याला हवं ते देत नाही, गरजेचं ते देतो, असं काहीतरी.

गाडीचं इंजिन गरम करायला सुरू ठेवलं होतं. मी दार उघडलं, चावी फिरवली, काढली आणि पोलक्यात घातली. मग सुमोच्या पायरीवर बसले. म्हटलं, "आता गाडी खाली जाईल, नाहीतर कुठंच जाणार नाही. कुणाला चावी काढून घ्यायची असेल त्यानं पुढं यावं."

कुणी पुढं आलं नाही. नवांगनं कपाळाला हात लावला. प्रोफेसरांच्या बायकोनं आपली बॅग काढून गाडीच्या छतावर टाकली आणि म्हणाली, "मी खाली चालले आहे. तुम्हाला राहायचं तर राहा." प्रोफेसर आले. सगळ्यात मागच्या सीटवर बसून आले आणि तेव्हा त्यांना मौन सापडलं. छत्रूच्या पुढं गेल्यावर त्यांनी आपली लोकरी टोपी काढून देवकीच्या डोक्यात घातली. हेही लिहायला हवं, म्हणून लिहिते.

त्या रस्त्याबद्दल सांगायचं तर नाले फुगले होते. एका ठिकाणी पाणी दारातून आत आलं. देवकीला मी छातीशी धरून बसले होते, आडवी होऊ दिली नाही. ती अधूनमधून पुटपुटत होती. आधी तुमचं नाव, मग आईचं, मग माझं. शेवटी शेवटी फक्त वयनी, वयनी. मी तिला शिव्या देत होते. म्हटलं, तुझ्या भावाचा फोटो पुन्हा देवघरात दिसला तर डिचोलीच्या नदीत टाकीन, डोळे उघड आणि भांड माझ्याशी. रोहतांगची खिंड पुन्हा चढावी लागणार म्हणून मला धडकी भरली होती. पण नवांगनं तिथं गाडी अशी हाकली की वळणावर हात जोडायचेही विसरला. पलीकडे झाडं दिसली तेव्हा तिचा श्वास जरा मोकळा झाला. मला झाडं बघून रडू आलं. डोळ्यांत धूळ गेली होती, असंही लिहिता आलं असतं.

इथल्या इस्पितळात नाकाला नळी लावून तीन दिवस ठेवलं. डॉक्टर पोरगेलासा आहे. म्हणाला, खाली आणलंत म्हणून आहेत. एवढंच म्हणाला.

आणि आता तुमच्याबद्दल.

परवा तो पिठाचा ट्रकवाला शोधत शोधत इस्पितळात आला. बातलला आम्ही दिसलो नाही, तिथल्या लोकांनी मनालीला गेल्याचं सांगितलं. भला माणूस, माल उतरवून आधी इकडं आला. त्याला बघितल्याबरोबर देवकी उठून बसली आणि त्याच्या मागं दाराकडं बघायला लागली. दारात कुणी नव्हतं.

तो म्हणाला, तुम्ही चिठ्ठी वाचलीत. दोनदा वाचलीत. मग डोळे मिटून बराच वेळ बसलात. त्यानं विचारलं, बाबाजी, सकाळी निघू, येणार ना? तर तुम्ही म्हणालात, "उनसे कहना, सब उसकी इच्छा है." आणि एक कागदाची पुडी दिलीत. पुडीत धुनीची राख होती. सकाळी त्यानं जाताना तुमच्या कुटीखाली हॉर्न वाजवला म्हणे. तुम्ही बाहेर आला होतात. हात वर करून आशीर्वाद दिलात.

ट्रकवाल्याला ते सांगताना लाज वाटत होती. तुम्हाला सांगते, परका माणूस, नाव मी विचारलं नाही, त्याला तुमच्या वतीनं लाज वाटत होती. तो खाली बघून म्हणाला, "सीट खाली ही आयी, माताजी."

नऊ वर्षांपूर्वी तुम्ही गेलात तेव्हा मला वाटलं, हा माणूस संसारात मावणारा नव्हता, कशाचा तरी मोठा ध्यास असेल. लोकांना तसंच सांगत आले. दुकानात कुणी टोचून बोललं तर म्हणायची, प्रत्येकाच्या नशिबात असा नवरा नसतो. मनातून कितीही शिव्या घातल्या तरी कुठंतरी वाटायचं की या माणसानं आपल्याला काही मोठ्या गोष्टीसाठी सोडलं. आता माहीत पडलं. सगी बहीण खिंडीच्या अलीकडे गुदमरत होती, गाडी दारात उभी होती आणि तुम्हाला उठवलं नाही. हे वैराग्य नाही. आळस आहे. दुकानात दुपारी गिऱ्हाईक आलं की तुम्ही आत झोपल्याचं सोंग घ्यायचात, तेच हे, फक्त उंचावर.

देवकीनं पुडी उघडली, राखेकडं बघितलं. मला वाटलं कपाळाला लावेल. तिनं पुडी पुन्हा नीट मिटली आणि ट्रकवाल्याच्या हातात दिली. म्हणाली, "परत देवन येशात? आमच्याकडे चुलीत जाय तितकी आसा." मग मी ते त्याला हिंदीत सांगितलं. तो नको म्हणत होता, पण घेऊन गेला. तेव्हा पुडी तुमची तुम्हाला पोचली असेल.

नेवऱ्या आम्ही त्याला दिल्या. नवांगला आणि नर्सबाईंनाही दिल्या. सगळ्यांना आवडल्या.

आम्ही सोमवारी खाली निघतो.

सुमंगला


डिचोली
५ नोव्हेंबर

श्री. शिवदास यांस,

तुमची खिंड आता बंद झाली असेल. हे पत्र तुम्हाला उन्हाळ्यात मिळेल किंवा मिळणार नाही. तरी लिहून टाकते, म्हणजे माझ्याकडून काही राहिलं नाही.

दिवाळी झाली. देवकी आता बरी आहे, जिना चढताना दम लागतो तेवढाच. घरी आल्यावर मी विमलाला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "आई, तू तिकडं कुणाला आणायला गेली होतीस? मी तुला सांगितलं होतं का?" सांगितलं नव्हतं, हे खरं. मग ती उठली आणि आत्येला पेज नेऊन दिली.

गेल्या रविवारी पेडण्याची माणसं याद्या करायला आली. रुक्मिणीबाई होत्या, त्यांचे यजमान बाबुराव होते, मुलाचा काका होता. मी रात्रभर मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. वडिलांची प्रकृती बरी नसते, रस्ता बर्फानं बंद आहे, असं काही. बाबुरावांनी चहाची बशी खाली ठेवली आणि विचारलं, "मग विमलाच्या वडिलांचं काय ठरलं?"

मी तोंड उघडलं होतं. पण देवकी दारात उभी होती, ती पुढं आली. तुमची बहीण, जी तुमच्या फोटोला फूल घातल्याशिवाय चहा घेत नव्हती. ती म्हणाली, "बापूय आसा. पण तो उपेगाचो न्हय. चलयेचा कन्यादान तिची आवय करतली, आणि आवयच्या शेजारी मी बसतलंय. तुमका चलता?"

कन्यादान मी करायचं आणि ती माझ्या शेजारी बसायची, हे मीही पहिल्यांदाच ऐकत होते. काका आढ्याकडं बघायला लागला. मला वाटलं, मोडलं. रुक्मिणीबाई देवकीकडं बघत राहिल्या, मग माझ्याकडं बघितलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "चालेल म्हणा की. काय बघताय?" बाबुराव म्हणाले चालेल. भटजी काय म्हणतील ते मी बघेन, तेही म्हणाले. त्यावर गुरुदास पहिल्यांदाच बोलला. म्हणाला, "भटजींना विचारायचंच कशाला? सांगायचं."

मुलगा बरा आहे. गणिताचा असून बरा आहे.

ती माणसं गेल्यावर मी देवकीला विचारलं, तुला असं बोलवलं कसं? ती भांडी आवरत होती. म्हणाली, "वयनी, माझो दादा कोल्हापूराक गेलो, तो थंयच मेलो असां समज. लोसराक आसा तो दुसरो कोण तरी." आणि त्यानंतर ती रडली, खूप रडली, मोरीशी बसून. मी तिच्या शेजारी बसले. मला काही रडू आलं नाही. मी फक्त नळ बंद केला, पाणी फुकट जात होतं.

फोटो आता देवघरात नाही. कुठं ठेवला ते मी विचारलेलं नाही.

तिकडचं एक सांगायचं राहिलं. इथं आल्यापासून मला पहाटे जाग येते आणि ते शिखर दिसतं, टोकावर ऊन, खाली अंधार. मी त्या वेळी तुम्हाला लिहिलं नव्हतं, कारण ते तुमचं आहे असं वाटलं होतं, तुमच्याशी बोलल्यासारखं होईल असं. आता लिहायला हरकत नाही. फार सुंदर होतं. तिथं तुम्ही राहता ही त्याची चूक नाही.

लग्न मार्गशीर्षात, आपल्याच अंगणात. पहिल्या पत्रात मी तुम्हाला या म्हणून लिहिलं होतं, तिसऱ्यातही लिहिलं. आता लिहिते, येऊ नका. आणि समजा, बर्फ फोडून आलातच, तर दारात आलेल्या गोसाव्याला आम्ही उपाशी पाठवत नाही. पंगतीत बसवू, पोटभर वाढू. मुलीच्या बापाची जागा भरली आहे.

सुमंगला